चावी फिरवा, सेल्फ मारू नका

जुनी गाडी घेऊन माझ्याकडं येणारा माणूस बहुतेक वेळा निदान सोबत घेऊनच येतो. ‘मिस्त्री, सेन्सर गेलाय.’ कुठला, कशावरून, असं विचारलं की मोबाइलवर मीटरचा फोटो दाखवतात. इंजिनचा पिवळा दिवा, शेजारी एबीएसचा, खाली बॅटरीचा लाल. तीन दिवे म्हणजे तीन सेन्सर, आणि तीन सेन्सरांचे पैसे. हिशेब सरळ असतो, पण बहुधा चुकीचा.

मी ऑटो इलेक्ट्रिशियन, गॅरेजवाल्यांच्या बोलीत वायरमन. खंबाटकी घाट उतरला की महामार्गालगत माझं शेड आहे. पुण्याकडून साताऱ्याला येणारी गाडी तो चढ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढून येते, आणि जुन्या डिझेल एसयूव्हीनं सपाट रस्त्यावर लपवलेलं सगळं दुखणं त्या चढावर बाहेर पडतं. जुनी म्हणजे दहा-पंधरा वर्षांची. कधी पासिंग पुन्हा करून घेतलेली, गावाकडं कुटुंबाला आणि बियाण्याच्या पोत्यांना सारखीच चालणारी.

पहिली गोष्ट, गाडीत काय बिघडलं हे दिव्याला माहीत नसतं. कुठल्या तरी वायरीवर अपेक्षेपेक्षा वेगळा व्होल्टेज आला, किंवा एखादी पट्टी बॉडीला टेकली, एवढंच त्याला कळतं. नव्या गाडीत त्याचा अर्थ ‘पार्ट खराब’ असा धरला तर चालून जातं. जुन्या गाडीत पार्टाइतकंच वय त्याच्याकडं जाणाऱ्या वायरीचं, कपलरचं आणि अर्थिंगचं झालेलं असतं. म्हणून माझा हात आधी वायरीकडं जातो, पार्टाकडं नंतर.

मालकानं घरी करायची तपासणी एकच, आणि तिला एक रुपयाही लागत नाही. चावी ‘ऑन’वर आणा, सेल्फ मारू नका. मीटरातले इशाऱ्याचे सगळे दिवे लागले पाहिजेत. एबीएस आणि एअरबॅगचे दिवे काही सेकंदांनी आपले आपण विझतात. त्यांच्या कंट्रोलरनं स्वतःची तपासणी उरकली असा त्याचा अर्थ. ऑइल, बॅटरी आणि चेक इंजिन लागलेलेच राहतात आणि इंजिन सुरू झाल्यावर जातात. डिझेल गाडीत वेटोळ्याचा पिवळा दिवा असतो, तो ग्लो प्लगचा. थंडीत तो विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारावा.

लोक लागलेल्या दिव्याला घाबरतात. मला न लागणाऱ्या दिव्याची जास्त काळजी वाटते. चावी ऑन केल्यावर एखादा दिवा लागतच नसेल तर बल्ब गेलाय किंवा कुणी तरी मुद्दाम काढलाय. मीटर खोलल्यावर दिव्यामागं काळी चिकटपट्टी सापडते, तेव्हा आधीच्या मालकाचा स्वभाव कळतो. याहून हुशार लोकही भेटतात. एअरबॅगचा दिवा विझत नाही म्हणून ते त्याची वायर बॅटरीच्या दिव्याला जोडून टाकतात. चावी ऑन केली की दोन्ही लागतात, इंजिन सुरू झालं की दोन्ही जातात, घेणारा खूश. पकडायचं कसं? एअरबॅगचा दिवा इंजिन सुरू व्हायच्या आधीच, स्वतःच्या वेळेनं विझायला हवा. तो बरोबर बॅटरीच्या दिव्यासोबत विझत असेल तर डॅशबोर्ड उघडून बघा.

रंगांचं गणित सगळ्यांना ठाऊक असतं. लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवा, हिरवा-निळा म्हणजे काही तरी चालू आहे. चिन्हं जगभर जवळपास सारखी असतात, कारण त्यांचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ २५७५. पण लाल दिव्यांतही लहानमोठे आहेत, आणि सगळ्यांत मोठा तेलाच्या झारीचा.

झारीचा दिवा ऑइलच्या दाबाचा असतो, पातळीचा नव्हे. इंजिनच्या ब्लॉकवर एक छोटा स्विच असतो, त्याला बहुतेक गाड्यांत एकच वायर. ऑइलचा दाब साधारण अर्ध्या बारच्या खाली गेला की आतली पट्टी टेकते, वायर अर्थ होते आणि दिवा लागतो. फलटणकडचे एक आबा दिवा लागलेला असताना गाडी चालवत आले. म्हणाले, ‘डिपस्टिक बघितली की. ऑइल फुल हाय.’ ऑइल फुल होतं, खरं आहे. पण तळातल्या जाळीवर काळा गाळ बसला होता आणि पंपाला ऑइल ओढता येत नव्हतं. शेडच्या तोंडाशी येईपर्यंत इंजिन ठोकायला लागलं होतं. क्रँकचे बेअरिंग गेले. दिवा लागल्याक्षणी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं असतं तर चेंबर उतरवून जाळी धुण्यावर भागलं असतं.

आता याच दिव्याची दुसरी बाजू. कधी कधी स्विचच आतून गळतो आणि खोटा दिवा लावतो, कधी त्याची वायर घासून ब्लॉकला टेकते. हे ओळखायला मी इंजिन बंद ठेवून, चावी ऑन करून स्विचवरची वायर काढतो. दिवा विझला तर वायर चांगली. दोष स्विचमध्ये आहे किंवा खरोखर दाबात. तसाच जळत राहिला तर वायर वाटेत कुठं तरी टेकलीय. पुढं स्विच काढून त्या जागी काट्याचा गेज लावायचा आणि गरम इंजिनवर दाब बघायचा. गेज न लावता ‘स्विच बदलून बघू’ म्हणणाऱ्याकडं गाडी ठेवू नका. गरम गाडी सिग्नलला उभी असताना दिवा मिणमिणतो आणि थोडी रेस दिली की जातो, असं असेल तर बहुधा इंजिन झिजलंय. दाट ऑइल टाकून दिवा घालवता येतो, झीज जात नाही.

बॅटरीच्या चिन्हाचा लाल दिवा नावानं फसवतो. तो लागला की लोक बॅटरी बदलून येतात. खरं तर तो चार्जिंगचा दिवा, म्हणजे अल्टरनेटरचा; जुनी माणसं अजून डायनामो म्हणतात. मल्टिमीटर आज कुठंही स्वस्तात मिळतो. इंजिन बंद करून गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी. १२.२ म्हणजे अर्धी उतरलेली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. चालू इंजिनवर बारा-साडेबारावरच अडकली असेल तर चार्जिंग होत नाही: बेल्ट, ब्रश, रेग्युलेटर किंवा आतले डायोड. आणखी एक गंमत म्हणजे, बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटर जागा करायला लागणारा सुरुवातीचा करंट याच दिव्याच्या बल्बमधून जातो. बल्ब उडाला की अल्टरनेटर चांगला असूनही चार्जिंग सुरू व्हायला कुरकुर करतं.

या दिव्याबरोबर तापमानाचा काटाही वर जायला लागला तर मात्र मल्टिमीटर काढायचीही गरज नाही. फॅन बेल्ट तुटलाय. एकच बेल्ट अल्टरनेटर आणि वॉटर पंप दोन्ही फिरवतो. आपल्याकडच्या अनेक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंपही अल्टरनेटरच्याच पाठीवर बसवलेला असतो. म्हणजे बेल्ट गेला की चार्जिंग गेलं, पाण्याचं फिरणं गेलं, आणि दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखं घट्ट होतं. घाटात ‘बॅटरीचा तर दिवा आहे, गावात जाऊन बघू’ असं म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा. त्याच व्हॅक्यूम पंपाला ऑइलची नळी येते. तिथलं सील गेलं की ऑइल अल्टरनेटरमध्ये उतरतं आणि ब्रश खराब होतात. अशा गाडीत सील न बदलता नुसते ब्रश घातले तर गाडी थोड्या दिवसांत परत येते.

तापमानाच्या काट्याबद्दल एवढंच: गाडी गरम झाली म्हणून थांबलात आणि काटा एकदम खाली आला तर निश्चिंत होऊ नका. कूलंट सेन्सरच्या खाली गेलं असेल तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं बोलतो. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आत दाब असतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

आता माझ्या सगळ्यांत आवडीच्या दुखण्याकडं येतो. गेल्या पावसाळ्यात पुण्याच्या एका ताई जुनी सात सीटर घेऊन आल्या. सकाळी सेल्फ मारला की एबीएस, एअरबॅग, चेक इंजिन, फोर व्हील ड्राइव्ह, सगळे दिवे एकदम लागायचे. कधी दहा मिनिटांनी जायचे, कधी दिवसभर राहायचे. एका ठिकाणी त्यांना एबीएसचा कंट्रोलर बदलायला सांगितलं होतं. रक्कम पाच आकडी. इथं एक आडाखा सांगतो. एकमेकांशी संबंध नसलेले दिवे एकाच वेळी लागले तर ते सगळे पार्ट एकाच सकाळी मेले असं होत नाही. त्यांच्यात सामाईक काय आहे ते शोधायचं: बॅटरी आणि अर्थिंग.

मल्टिमीटर दोन व्होल्टच्या रेंजवर लावला. काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खांबावरच. लाल सुई इंजिनच्या ब्लॉकवर, जिथं रंग किंवा ऑइल नाही अशा उघड्या धातूवर. पोराला म्हणालो, सेल्फ मार. इंजिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात जोडणी चांगली असेल तर सेल्फ फिरताना इथं ०.२ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. काटेकोर नाही, ०.३ असेल तरी मी सोडून देतो. इथं दिसले १.४. शेतात पाणी आलंय, पण पुढं निचरा नाही तर ते बांध फोडून वाट मिळेल तिकडं जातं. सेल्फच्या शेकडो अँपिअर करंटचं तसंच होतं. मुख्य वाट बंद, म्हणून तो एखाद्या केबलमधून, सेन्सरच्या बारीक अर्थ वायरीतून परत जायला बघतो. तेवढ्या वेळात कंट्रोलरना मिळणारा व्होल्टेज घसरतो आणि ते सगळे एकदम तक्रार करतात.

गाडीखाली गेलो. इंजिन आणि चासी यांच्यामध्ये तांब्याच्या तारांची विणलेली एक चपटी पट्टी असते. वरून ती ठीक दिसत होती. बोटांनी वाकवली तर हिरवी भुकटी पडली आणि निम्म्या तारा हातात आल्या. खात्रीसाठी जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ब्लॉकला लावून पुन्हा सेल्फ मारला. एकही दिवा राहिला नाही. नवी पट्टी, दोन्हीकडचा गंज घासून काढलेला, वर थोडं ग्रीस. ताईंनी विचारलं, ‘एवढंच?’ एवढंच. कंट्रोलर होता तिथंच आहे.

ब्रेकचा लाल दिवा लागला तर हँडब्रेक पूर्ण खाली आहे का बघा, नंतर ब्रेक ऑइलच्या डबीत डोकवा. पॅड झिजतात तसं ऑइल खाली जातं, आणि उतारावर किंवा वळणावर ते पुढं सरकलं की तरंगता फ्लोट दिवा चमकवतो. लगेच वरून ऑइल टाकू नका. आधी पॅड बघा. पॅड बरे असूनही पातळी उतरली असेल तर कुठं तरी गळतंय, आणि ती गाडी चालवायची नाही. एबीएसचा एकटा पिवळा दिवा असेल तर साधा ब्रेक लागतो, फक्त ओल्या रस्त्यावर चाक लॉक होऊ शकतं. लाल आणि पिवळा दोन्ही सोबत लागले तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणाही बंद झाली असं समजा आणि गाडी टोइंगनं आणा. एबीएसच्या निम्म्या तक्रारी चाकाजवळच्या सेन्सरच्या चुंबकी टोकाला चिकटलेल्या लोखंडी कचऱ्याच्या असतात. कोकणातून आलेल्या गाडीत तिथली दातेरी रिंग गंजानं फुगलेली सापडते. चाकाचा बेअरिंग हलत असला तरी सेन्सरचं अंतर बदलतं. स्कॅनरवर चारही चाकांचा वेग एकदम बघायचा आणि गाडी अगदी सावकाश चालवायची. जे चाक मध्येच शून्य दाखवेल ते दोषी.

एअरबॅगच्या दिव्याचा दोष पुष्कळदा सीटखालच्या पिवळ्या कपलरपाशी असतो. सीट मागंपुढं केल्यावर तो ढिला होतो. पण तिथं स्वतः मल्टिमीटर लावायचा नाही. मीटरच्या बारीक करंटनंही एअरबॅग उडण्याचा धोका असतो. हे काम ज्याचं त्यालाच करू द्या.

चेक इंजिनच्या दिव्याबद्दल लोकांचं अर्धं ज्ञान फोनवर आलेल्या व्हिडिओतलं असतं. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर लावला की मोबाइलवर कोड येतो. इथं आपल्या भागाची एक खासियत आहे. धुराचा बीएस-४ नियम २०१० मध्ये आधी निवडक शहरांत आला. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि सोलापूर. बाकी देशभर तो २०१७ ला लागू झाला. ओबीडी, म्हणजे हा कोड देणारी गाडीतली तपासणी यंत्रणा, बीएस-४ गाड्यांनाच बंधनकारक होती, आणि त्यातली पूर्ण ओबीडी-२ तर २०१३ पासून. त्यामुळं २०११ च्या एकाच मॉडेलच्या दोन गाड्या उभ्या असतात, एक एमएच-१२ आणि एक एमएच-११. पुणे पासिंगच्या गाडीला स्वस्त स्कॅनर लगेच जोडला जातो. सातारा पासिंगची बीएस-३ असेल तर कित्येकदा जोडलाच जात नाही. तिला कंपनीचा स्कॅनर लागतो. गाडी खराब नाही, स्कॅनरही खराब नाही.

कोड आला तरी तो पार्टाचं नाव नसतो. पी ०४०१ म्हणजे ईजीआरचा, थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेचा, प्रवाह कमी. यावर लोक सरळ ईजीआर व्हॉल्व्ह मागवतात. मी आधी काजळी आणि व्हॅक्यूमची रबरी नळी बघतो. ती नळी गाडीच्या वयाची असते आणि तडकलेली असते. पी ०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी. घाटात गाडी रेस घेत नाही, मागं काळा धूर. ‘टर्बो गेला’ ऐकून मालकाचा चेहरा उतरतो. इंटरकूलरच्या जाड रबरी पाइपावरून हात फिरवा. खालच्या बाजूला ऑइलनं ओली झालेली चीर किंवा ढिला क्लॅम्प हाताला लागतो. पी ००८७, डिझेलचा दाब कमी: आधी फिल्टर. पी ०५६२, व्होल्टेज कमी: परत बॅटरी आणि तीच अर्थिंगची पट्टी. कोडासोबत ‘फ्रीज फ्रेम’ नावाची नोंदही असते, कोड पडला त्या क्षणी इंजिनचा वेग, तापमान किती होतं याची. ती न वाचता कोड पुसणारा पुढचा सगळा तपास अंधारात करतो. पेट्रोल गाडीत हा दिवा लुकलुकत असेल तर मात्र इंजिन मिसफायर होतंय आणि कच्चं पेट्रोल सायलेन्सरमधला महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतंय. तेव्हा ताबडतोब थांबायचं.

पावसाळ्यात थेंबाच्या चिन्हाचा, डिझेल फिल्टरमध्ये पाणी साठल्याचा दिवा येतो. कॉमन रेल इंजिनात इंजेक्टरला हजाराहून जास्त बार दाबानं डिझेल जातं. तिथं पाणी पोहोचलं की इंजेक्टर गंजतात आणि एकेकाची किंमत ऐकवत नाही. फिल्टरच्या तळाशी एक नॉब असतो. खाली भांडं धरून तो सैल करा, पाणी जाऊन स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा, आणि मग घट्ट करा. गाडी बाहेर कुठं उभी असते तेही मी विचारतो. उसाच्या तोडीनंतर उंदीर शेतातून घराकडं येतात, आणि गरम इंजिनवर त्यांचा मुक्काम असतो. दिवा लागल्यावर बॉनेट उघडून एअर फिल्टरच्या डब्याभोवती शेंगांची टरफलं दिसली तर स्कॅनर लावायच्या आधी वायरी बघा. आणि वॉशिंग सेंटरवाल्याला बॉनेटखाली प्रेशरनं पाणी मारू देऊ नका. त्यानंतरच्या आठवड्यात त्या गाड्या माझ्याकडं येतात.

जुनी गाडी विकत घेणार असाल तर चावी फिरवून दिवे बघितल्यावर आणखी एक काम करा. विकणारा सौदा ठरायच्या आधल्या दिवशी कोड पुसून ठेवतो. दिवा नाही, कोड नाही, सगळं छान दिसतं. पण ओबीडी-२ गाडीत कोड पुसले की तपासणीचे मॉनिटरही शून्यावर येतात आणि बरंच चालवल्यावर परत पूर्ण होतात. स्कॅनरवर ते बघा. त्यातले बहुतेक ‘नॉट रेडी’ दाखवत असतील, तर कोड पुसून गाडी फार चाललेली नाही. बॅटरी काढली तरी असंच होऊ शकतं, म्हणून मालकाला विचारा, बॅटरी नुकतीच काढली होती का. आणि तो हो म्हणाला तरी गाडी एकदा खंबाटकी चढवून आणा, मग पैशाचं बोला.